छप्पन्न दिवसांची रजा

मनुरेवा, ऑकलंड
१३ ऑगस्ट २०१७

प्रिय जुई,

आमच्या कंपनीतल्या नोकरीला शुक्रवारपर्यंत तुला होकार-नकार कळवायचाय आणि तू मला फायदे-तोटे दोन रकान्यांत लिहून मागतेस! सँडरिंगहॅमच्या फ्लॅटवर एकत्र राहायचो तेव्हाही भाजीची यादी मागून घ्यायचीस आणि त्यातलं अर्धंच आणायचीस. म्हणून रकाने नाहीत, सरळ पत्र लिहितेय. आमच्या विमा कंपनीत मी पाच वर्षं काढलीत, तेव्हा यातलं काही ऐकीव नाही.

आधी चांगलं सांगते. पगार ठरल्या दिवशी होतो. आजारी पडलीस तर कुणी संशयाने बघत नाही. हेन्डरसनमधल्या तुझ्या आताच्या ऑफिसात मालक गुरुनाथकाका तुला लेकीसारखं वागवतात, मान्य. पण लेकीला पगारवाढ मागता येत नाही, हे तूच फोनवर रडत सांगितलं होतंस. इथे मागता येते आणि मागितली म्हणून कुणी रुसत नाही. चार लोकांसमोर उभं राहून इंग्रजीत बोलायला मला याच कंपनीने शिकवलं. पहिल्या वर्षी मी कागदात बघून वाचायचे, आता कागद लागत नाही.

आता तोटा. कंपनी इतकी मोठी, की आपलं काम शेवटी कुणाच्या दारात जाऊन पडतं ते दिसतच नाही. नाकारलेल्या दाव्यांची पत्रं मी तयार करते. समोर माणूस नाही, नुसता नंबर. सुरुवातीला वाईट वाटायचं. मग वाटेनासं झालं, आणि ते माझ्या लक्षातही आलं नाही.

लक्षात आलं ते रजेमुळे. आपली सवय तुला ठाऊक आहे, रजा म्हणजे जणू मोरांब्याची बरणी, पाहुणे आल्याशिवाय उघडायची नाही. आई-बाबा इकडे येतील तेव्हा लागेल म्हणून मी साठवत गेले. बाबांच्या गुडघ्यापायी त्यांचं येणं लांबत गेलं आणि माझी रजा छप्पन्न दिवसांवर गेली. मार्चमध्ये हेदरने, माझ्या मॅनेजरने, बोलावलं. मला वाटलं शाबासकी मिळणार, म्हणून इस्त्रीचं जॅकेट घालून गेले. तर ती गंभीर चेहऱ्याने म्हणाली, इतकी रजा साठणं बरं नाही, सोमवारपासून सहा आठवडे ऑफिसात दिसू नकोस. मी इथल्यांसारखं 'स्वीट ॲज', म्हणजे झकास, म्हणत हसले आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. वाटलं, आता काढूनच टाकणार.

तसं काही नव्हतं. पण घरात बसवेना, म्हणून इथल्या लायब्ररीत लोकांना फॉर्म भरायला मदत करू लागले. एका मंगळवारी सामोआचे एक आजोबा पत्र घेऊन आले. व्हॅन चोरीला गेलेली, दावा नाकारलेला. पत्र आमच्याच कंपनीचं, मसुदा माझा. मोठ्याने वाचायला घेतलं आणि दुसऱ्याच परिच्छेदात अडखळले. जुई, माझंच पत्र मला कळेना! त्यांना वाटलं, माझं इंग्रजी कच्चं आहे. हळू वाच पोरी, माझीही ही भाषा नाही, म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अगदी शेवटच्या ओळीत होतं, की पोलिसांचा एक कागद जोडला तर दावा पुन्हा तपासू. तो आम्ही जोडला. महिन्याभरात पैसे मिळाले आणि आजोबा लायब्ररीत केक घेऊन आले.

आता खरं सांगते. तुला देऊ केलेली जागा माझीच आहे. मी राजीनामा दिलाय. पुढच्या महिन्यापासून मनुरेवातल्या एका छोट्या संस्थेत लोकांना पत्रं-फॉर्म समजावून देण्याचं, लायब्ररीतलंच काम पगारावर करणार आहे. मी सोडतेय म्हटल्यावर तूही घाबरून नकार देशील, या भीतीने आजवर बोलले नाही. नकार देऊ नकोस. मी जे शिकले ते तिथेच शिकले, तूही शीक. फक्त रजा पहिल्याच वर्षी घे. आणि पत्र पाठवण्याआधी एकदा मोठ्याने वाच. तुझ्या हातची पत्रं आता कुणी ना कुणी माझ्याकडेच घेऊन येणार आहे. मला अडखळायला लावू नकोस.

तुझीच,
सुमेधाताई