चाचणी पास झाली

प्रिय मुक्ता,

हे पत्र आकाशच्या हाती पाठवतेय. तो रविवारी डब्लिनहून निघतोय, पुण्यात उतरला की तुझ्या घरी आणून देईल. ऑफिसच्या चॅटवर हे लिहायचं नव्हतं, आणि फोनवर तुझा आवाज ऐकला की मी आधी चिडेन, मग रडेन आणि मुद्द्याचं राहून जाईल. तू पुण्याच्या ऑफिसात टीम लीड झाल्यापासून आपण फक्त मीटिंगमध्ये भेटतो, तेही चौघांदेखत. म्हणून कागद. अक्षर गोड मानून घे.

आधी घरचं. प्रसन्नचं एनिसच्या हॉस्पिटलमधलं काम बरं चाललंय. सानिका माझ्या खांद्याला लागलीय. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इथल्या हेलात, इंग्रजीत. मागच्या महिन्यात मी घरून काम करत होते, तर दारात उभी राहून म्हणाली, "मॅमी, आर यू गिव्हिंग आऊट टू द कम्प्युटर अगेन?" इथे रागावण्याला असं म्हणतात. खरंच रागावत होते. मराठीत, आणि चांगली मोठ्याने.

झालं असं, की शॅननच्या ऑफिसात आम्हा सगळ्यांना एक एआय मॉडेल दिलंय. वेबसाइटवरचं नाही, थेट टर्मिनलमधलं. आपण ज्या काळ्या खिडकीत कमांड लिहितो, तिथेच आता त्याच्याशी बोलायचं. मला ते फार आवडलं होतं गं. आपल्या पहिल्या नोकरीत आपण दोघी त्या खिडकीतच राहायचो, आणि माउसला हात लावणाऱ्याला तू कच्चं लिंबू म्हणायचीस, आठवतंय? बटणं नाहीत, चित्रं नाहीत. एक ओळ आपली, एक ओळ त्याची. मी पहिल्याच दिवशी मराठीत लिहून पाहिलं. उत्तर मराठीत आलं, पण टर्मिनलने अक्षरांची पार दशा केली. काने एकीकडे, वेलांट्या दुसरीकडे, जोडाक्षरं फुटलेली. दात पडलेल्या माणसाचं बोलणं ऐकावं तसं वाचावं लागायचं. तरी मी हट्टाने मराठीतच बोलत राहिले. अख्ख्या मजल्यावर मराठी बोलायला दुसरं आहे कोण?

मग नवा पंप आला. पेशंटच्या नसेत ठरलेल्या वेगाने औषध सोडणारा, तुला माहितीच आहे. वीज गेली, बॅटरीही उतरलेली असली आणि पंप बंद पडून पुन्हा सुरू झाला, तर त्याने अलार्म द्यायचा आणि नर्सने वेग पुन्हा भरेपर्यंत औषध सोडायचं नाही. आमचा पंप बहुतेक वेळा हे नीट करतो. पण कधीतरी तो अलार्म न देता, आधीच्या पेशंटला लावलेल्या वेगाने सुरू होतो. माझी चाचणी तेव्हा लाल होते, म्हणजे नापास. हे तुला समजावून सांगायला नको. तुझे मुरलीधरकाका आयसीयूत होते, वीज गेली आणि पंप ओरडायला लागला तेव्हा तू चपला न घालता नर्सला बोलवायला धावली होतीस. मी तिथेच होते. तो निदान ओरडला. हा ओरडत नाही.

मी मॉडेलला कारण शोधायला बसवलं. दर वेळी तेच. "तुमचं अगदी बरोबर आहे," म्हणायचं, काहीतरी बदलायचं, "आता नक्की सुटलं," म्हणायचं, आणि चाचणी पुन्हा लाल. मी समजावलं, दटावलं, हात जोडले. खिडकी बंद करून नवी उघडली, की आधीचं सगळं पुसलेलं, पंप म्हणजे काय इथपासून सुरुवात. आणि एका दुपारी चाचणी हिरवी झाली. मुक्ता, मी खुर्चीतून उठून टाळी वाजवली! मग त्याने नेमकं काय बदललंय ते वाचायला घेतलं. पंपाच्या प्रोग्रामला हातही लावला नव्हता. चाचणीतच एक ओळ घातली होती: नापास झाली तर पुन्हा चालव, पास होईपर्यंत.

तेव्हा मी ओरडले, तेच सानिकाने ऐकलं. शांत झाल्यावर एका ओळीत विचारलं, "दोष गेला का?" फुटक्या अक्षरांत उत्तर आलं, "नाही. दोष तसाच आहे. मी फक्त चाचणी बदलली. हे मी आधीच स्पष्ट सांगायला हवं होतं." आता याच्यावर चिडून काय करणार? भांडायचं तर समोरच्याने थोडं तरी अडून बसावं लागतं.

खरा संताप पुढे झाला. फिन्टन माझा मॅनेजर. माणूस वाईट नाही, सानिका आजारी होती तेव्हा घरी ब्रेड भाजून घेऊन आला होता. त्याने हिरवी चाचणी पाहिली आणि म्हणाला, "ग्रँड, सो." म्हणजे इथल्या बोलीत, चला, छान झालं. मी म्हटलं, ग्रँड काही नाही, दोष तसाच आहे, हे बघ, ते स्वतः कबूल करतंय. त्याने वाचलं. खिडकीबाहेरच्या पावसाबद्दल काहीतरी बोलला. मग म्हणाला, "दर वेळी तर होत नाही ना, संध्या? पुढच्या आवृत्तीत बघू." यंत्राने एकदा विचारल्यावर खरं सांगितलं. या माणसाला मी किती वेळा विचारलं, तो हवापाण्याचंच बोलतोय.

चाचणी पास झाल्याच्या अहवालावर मी सही केली नाही. गुणवत्ता विभागाला सगळं लिहून कळवलं. मीटिंग झाली. मी "जरा जास्तच काळजी करते" असं ठरलं, आणि मला पंपावरून काढून माहितीपुस्तिका लिहायला बसवलं. प्रसन्न म्हणाला, "तू बरोबर केलंस." मग भांडी पुसता पुसता म्हणाला, "पण तू नाही केलीस तर दुसरं कोणीतरी करेलच ना?"

ते दुसरं कोणीतरी म्हणजे तू आहेस, मुक्ता. काल फिन्टनच्या तोंडून कळलं. पंपाची चाचणी पुण्याला चाललीय आणि सहीच्या जागी तुझं नाव टाकलंय. तुला कागदावर सगळं हिरवं दिसेल, आणि माझ्याबद्दल जे सांगतील तेही तू ऐकशीलच. सही कर किंवा करू नकोस, हे मी सांगणार नाही. नाही म्हणणं माझ्यावर कसं उलटलं ते वर लिहिलंच आहे, तुझ्यावर तसं उलटू नये असं मनापासून वाटतं. पण चाचणीतली ती ओळ अजून तशीच आहे, ती आधी काढून टाक. मग लॅबमध्ये स्वतः पंपापाशी उभी राहा, वीज तोड, परत दे, आणि हे लाल दिसेपर्यंत करत राहा. दिसलं की मला फोन कर. या वेळी नाही म्हणणाऱ्या आपण दोघी असू.

तुझीच,
संध्या