सहाव्या गणिताखालची ओळ

फॉल रिव्हर,
४ मे

प्रिय इदालिना ताई,

तुझे गुडघे बरे असतील आणि बेटावरचा वारा थोडा नरमला असेल, असं धरून चालतो. इथं सगळे ठीक. माझी पाठ तेवढी म्हणते, तीस वर्षं लोकांच्या घरांत फरश्या बसवत रांगलास, आता पुरे.

बातमी आपल्या लिओनोरची. उन्हाळ्यातल्या गणिताच्या शिबिरात तिची निवड झाली. सहा आठवडे, देशभरातली साठ मुलं. समोर दोन शिबिरं होती. एकाचं नाव मोठं, पुस्तिका गुळगुळीत, पैसे भरले की प्रवेश. दुसऱ्यानं नुसती दहा गणितं पाठवली. महिनाभर डोकं चालवा, फसलेले प्रयत्नही पाठवा आणि कुणाची मदत झाली तर तसं लिहा. मी म्हटलं, जो गिऱ्हाइकाला आधी पारखतो त्याच्याकडेच जा. माझा कामावरचा जोडीदार जिल म्हणाला, "पोरगी सुट्टीत शाळेत जाणार? आमचा पोरगा तर शाळेतच सुट्टी घेतो."

एवढी चांगली बातमी मी अशी दमल्यासारखी का सांगतोय, असं तू विचारशीलच.

सहावं गणित फरशीचं होतं. आठ बाय आठ चौकटींची खोली, कोपऱ्यातली एक चौकट सोडायची. उरलेल्या त्रेसष्टांवर तीन-तीन चौकटींच्या पट्ट्या, न कापता, बसतील का? पोरगी आठवडाभर आकृत्या काढत होती. एकदा जेवताना मला राहवलं नाही. चर्चच्या सभागृहात मी तिरक्या ओळींनी तीन रंगांची फरशी बसवली होती. म्हटलं, तशी रंगव. पट्टी कशीही ठेव, तिन्ही रंग एकेकदा झाकणार. मग रंग मोज. तिनं मोजले. वीस, एकवीस, बावीस. म्हणजे बसणारच नाहीत. कोबीचं सूप तसंच टाकून ती वही घ्यायला पळाली. ताई, माझ्या कामाचं इतकं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं.

उत्तराखाली तिनं लिहिलं, "रंगांची कल्पना माझ्या वडिलांची. ते फरश्या बसवतात."

फॉर्ममधला पालकांचा भाग भरून सगळं पाठवून द्या म्हणून तिनं लॅपटॉप माझ्याकडे दिला. मी ती ओळ पुसली आणि पाठवून दिलं.

मदत दिसली तर नाव कापतील, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण नियम मी वाचला होता. मदत चालत होती, फक्त सांगायची होती. खरं म्हणजे त्याच फॉर्मवर वडिलांचं शिक्षण विचारलं होतं. तिथं मी 'चौथी' लिहिलं, आणि मग ती ओळ पुन्हा वाचली. वाटलं, कुणीतरी दोन्ही शेजारी ठेवून हसेल.

परवा निवडीचं पत्र आलं. शेवटी तिथल्या बाईंनी विचारलंय, "सहाव्यातली रंगांची कल्पना फार सुंदर. कशी सुचली?"

"बाबा, मी लिहिलं होतं," लिओनोर म्हणाली.

पुसलं मी, म्हणालो. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त पत्राची घडी घातली. चोरीच्या उत्तरावर जाणार नाही म्हणते. शुक्रवारपर्यंत होकार कळवायचा आहे. मी म्हटलं, मी लिहितो त्यांना, चूक माझी आहे.

"मग सगळं लिहा. का पुसलंत, तेसुद्धा."

सकाळपासून कागद पुढ्यात आहे. आयुष्यभर गिऱ्हाइकांना गोड बोलून पटवत आलो, आणि इथं पहिलं वाक्य सुचेना. म्हणून आधी तुला लिहिलं. जागा काढून घेतली तरी तुम्हाला बोलणार नाही, असं पोरगी म्हणते. तेच जास्त जड जातंय.

आता त्यांना लिहायला घेतो. सही कशी करायची, ते इथं करून बघतो.

तुझा धाकटा,
आदेलिनो फुर्तादो
फरशी बसवणारा, चौथी पास,
सहाव्या गणितातले रंग माझे