कुबराला मी स्पेन दाखवते

१ जून २०१४
आज कॉन्व्हेंटचा हातपंप आठवला. मधल्या सुट्टीत कुबरा तो हापसायची आणि मी ओंजळीने पाणी प्यायचे. सिस्टर म्हणायच्या, टू बॉडीज, वन सोल. मग घंटा व्हायची. कुबरा कधी पाणी प्यायची, ते आठवत नाही. पण किती गोड दिवस!

आणि आता ती मस्कत सोडणार म्हणे. तिचा नवरा, तय्यबभाई, गेल्यापासून ती इथेच रुवी भागात मुलाजवळ राहते. मुलगा सकलैन सप्टेंबरात गाशा गुंडाळून कायमचा रत्नागिरीला निघालाय आणि हीही त्याच्याबरोबर. माझ्याशिवाय तिला तिथे करमणार नाही. तिला अजून ते कळलेलं नाही, इतकंच.

३ जून
उपाय सापडला! स्पेनमध्ये बुन्योल नावाचं गाव आहे. ऑगस्टच्या शेवटच्या बुधवारी तिथे सगळे एकमेकांना टोमॅटो मारतात. आम्ही दोघींनी जायचं, शाळकरी पोरींसारखं हसायचं. परतताना विमानातच ती म्हणेल, विद्ये, तुला सोडून नाही जात. जनार्दन म्हणाले, आणि मुलगा गेल्यावर तिचा इथला व्हिसा? नवऱ्यांना भावना कळत नाहीत.

कुबराला फोन केला. आधी नको म्हणाली. मग विचारलं, ओळखीच्या माणसाला मारलेले चालतात का गो? म्हटलं, अगं, जवळच्यांनाच तर मारायचे. लगेच हो म्हणाली.

संकल्प: रोज चालणे. पाच किलो कमी. रोज दहा स्पॅनिश शब्द.

२ जुलै
तिकिटं, हॉटेल, व्हिसाचे कागद, सगळं कुबराने केलं. मी मुद्दाम करू दिलं. तेवढंच तिचं मन रमतं.

संध्याकाळी आमच्या गच्चीवर प्रॅक्टिस. माझा हातच उठेना, चांगले टोमॅटो हो! कुबराचा नेम मात्र अचूक. पाण्याच्या टाकीवर खडूने माझ्या उंचीची खूण केली आणि एकेक तिथेच हाणला. मधे मला भूक लागली. तिचा रोजा, म्हणून मी पाठ करून सामोसा खाल्ला. हल्ली कोण कोणाचं इतकं बघतं?

१० ऑगस्ट
वजन दोन किलो वाढलं. काटा जुना आहे.
स्पॅनिश: ओला, म्हणजे नमस्कार. शब्द एकच, पण उच्चार अस्सल.

२७ ऑगस्ट, बुन्योल
ट्रक आले. गल्लीत पाय ठेवायला जागा नाही. नियम असा, की टोमॅटो आधी चुरडायचा आणि मगच मारायचा. पण काही इतके घट्ट, लालबुंद! टोमॅटोच्या सारासाठी असे मस्कतला मिळत नाहीत. कापडी पिशवी होतीच. वाकून चांगले चांगले वेचायला लागले.

पाठीत पहिला बसला. मागे कुबरा.

म्हणाली, हा तुझ्या विशाखाच्या बारशाला सगळे जेवून गेल्यावर मला बोलावलंस, त्याचा! दुसरा कानावर. हा, कुबरा त्यांच्यातली वाटतच नाही, म्हणून सगळीकडे सांगतेस, त्याचा! मी म्हटलं, अगं, ते कौतुक आहे. तिसरा तोंडात. आणि हा निळ्या कपाचा!

निळा कप म्हणजे आमच्याकडचा तिचा कप. मस्कतला आल्यापासून वेगळ्या कपाटात ठेवलाय. दुसऱ्या कोणाला त्यात चहा देत नाही. एवढा मान जनार्दनांच्या आईलाही नव्हता.

संपल्याचा बार झाला, सगळे थांबले. कुबरा थांबली नाही. शेवटी एका स्पॅनिश आजोबांनी तिचा हात धरला. मग ती हसत सुटली आणि हसता हसता रडली. आनंदाने असणार. नंतर कोणाच्या तरी दारातला पाइप घेऊन तिनेच मला धुतलं, केसांतली सालं काढली. इतकी जवळीक!

२९ ऑगस्ट, मस्कत
विमानात शेवटी मीच विचारलं, मग राहतेस ना? म्हणाली, नाही गो. इतकी वर्षं मनात होतं, ते खलास झालं. आता रागाने नाही, सुखाने जाईन.
तिला जेट लॅग झालाय.

५ सप्टेंबर
कुबरा काल गेली.

काल सकाळी तिच्या घरी गेले होते. भांडीकुंडी बांधलेली. एकच स्टीलचा पेला बाहेर होता. अर्धा चहा प्यायली आणि उरलेला माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, आत्ताच घेतला. खरंच घेतला होता, घरून निघताना. तिनेच मग तो संपवला, पेला विसळला, पिशवीत टाकला. खाली सकलैन हॉर्न वाजवत होता.

आज कपाट आवरलं. वाटणी अशी:
गुलाबी फुलांचा टी-सेट, सगळाच्या सगळा, कार्गोने कुबराला. जनार्दन म्हणाले, पाहुण्यांचं काय? पाहुण्यांना स्टीलचे पेले.
चांदीची अत्तरदाणी सकलैनच्या बायकोला.
स्पॅनिशचं पुस्तक विशाखाला, नवंकोरं आहे.
निळा कप कोणालाही द्यायचा नाही. काठाला तडा गेलाय. कधी गेला कोण जाणे, मी तो नीट हातात घेतलाच नव्हता. तो मला. उद्यापासून माझा चहा त्यातच ओतावा.