त्याला कुठवर येऊ द्यायचं

अहो,

आधी कोण आलं माहीत आहे? कॅरन. आणि एकटीच. मी दारात उभी राहून तिच्या पाठीमागे बघतेय, अजून दोघं गाडी लावून येत असतील म्हणून. तिनं न सांगता बूट काढले आणि म्हणाली, "इट्स जस्ट मी, सुशीला."

इकडे मी टेबलावर चांगल्या बशा मांडून बसलेली, निळ्या काठाच्या, तुम्ही रिटायर झालात तेव्हा हॉस्पिटलनं दिलेल्या. पोहे केले होते, शिरा केला होता. आपली इरा सकाळीच रीडिंगहून ट्रेननं आली, तिनं ते बघितलं आणि हसत सुटली. "आजी, मला बघायला कोण येणार आहे?" मी म्हटलं, अगं पॅरोल बोर्ड येणार ना, तीन मेंबर असतात असं आजोबा सांगायचे. तर म्हणते, "बोर्ड घरी नाही येत, आजी. बोर्ड स्क्रीनवर असतो."

आता मला काय ठाऊक? मागच्या वेळी सगळं तुम्हीच केलंत; तुम्ही स्क्रीनवर बोललात ती मला नुसती आधीची विचारपूस वाटली होती. मला वाटलं, तुरुंगातल्या माणसाला सोडायचं की ठेवायचं हे ठरवायचं, तर ज्या घरातला माणूस त्यानं नेला ते घर बघायला नको? आमच्या गावात नुसता बांधाचा तंटा असला तरी पंच आधी शेतात येऊन उभे राहायचे.

म्हणून तुम्हाला लिहायला बसले. तुम्ही गेल्यावर ही पहिलीच सुनावणी. तुम्ही असतात तर बैठकीत तुम्ही बोलला असतात आणि मी आत चहा करत राहिले असते. यावेळी कॅरनशी मला बोलायला लागलं. आणि जे बोलले ते तुम्हाला आवडणार नाही, तेव्हा दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत मीच सांगते.

त्या मुलाची फाइल परत बोर्डापुढे आलीय. मुलगा कसला, चाळिशीला आला असेल आता. पण मला तो कोर्टातलाच दिसतो, एकोणीस वर्षांचा, कुणाचा तरी मोठा कोट घातलेला. आपला समीर स्टेशनबाहेर दोघांचं भांडण सोडवायला मध्ये पडला आणि त्या मुलाच्या चाकूखाली आला. इरा तेव्हा बाबागाडीत होती. आता तिच्याच बाबाचं सगळं मला इंग्लिशमधून मराठीत करून सांगते. तिच्या आईला एजवेअरला फोन केला होता मी. ती म्हणाली, "आई, मला त्यात परत नका ओढू, मी नाही सहन करू शकत." मीही मग आग्रह केला नाही.

कॅरनचं काम म्हणजे आपल्यासारख्या घरांना बोर्डाचे निरोप द्यायचे आणि आपलं म्हणणं तिकडे पोचवायचं. चांगली बाई आहे. नियमानं काही घ्यायचं नसतं म्हणे, पण बशीत वाढलेलं सगळं खाल्लं, वर शिऱ्यात काय घातलंय ते विचारलं. इतक्या महिन्यांत कुणी आपल्या घरात नीट बसून खाल्लं नव्हतं. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. अशा कामासाठी आलेल्या बाईचा आनंद व्हावा का? झाला पण.

मी तिला विचारलं, हे तिघं असतात तरी कोण? ती म्हणाली, बहुतेकदा एक रिटायर झालेला जज, एक मनाचा अभ्यास केलेला, आणि एक बाहेरचा, म्हणजे शाळेत हेडटीचर राहिलेला वगैरे. ते आधी सगळे कागद वाचतात, मग त्याला समोर घेऊन प्रश्न विचारतात, तुरुंगातल्या लोकांना विचारतात.

"आणि माफी द्यायची की नाही ते हेच ठरवतात?" मी म्हटलं.

इरानं ते इंग्लिशमध्ये सांगितलं तशी कॅरननं कप खाली ठेवला. माफीशी त्यांचा काही संबंध नाही, म्हणाली. शिक्षा पुरेशी झाली का, हेसुद्धा ते बघत नाहीत, ते जजनं तेव्हाच ठरवलं. ते एवढंच बघतात की हा बाहेर आला तर लोकांना धोका आहे का. सोडलाच तरी त्याच्यावर जन्मभर अटी राहतात, मोडल्या की परत आत.

हे तुम्ही मला कधी सांगितलं नव्हतंत हो. मागच्या वेळी स्क्रीन बंद झाल्यावर तुम्ही किती वेळ खुर्चीतून उठला नव्हतात. त्या जजबाई फक्त "थँक यू, डॉक्टर" म्हणाल्या म्हणून तुम्हाला लागलं होतं. "एवढंच?" असं म्हणत होतात. तुम्हाला त्यांच्याकडून काय हवं होतं? मला वाटतं, त्यांनी समीरबद्दल एक तरी प्रश्न विचारायला हवा होता. तो कसा हसायचा, त्याला काय आवडायचं. पण ते त्यांचं काम नव्हतं. तुम्हाला ठाऊक होतं, तरी तुम्ही वाट बघत बसलात.

कॅरन म्हणाली, त्याला सोडा किंवा सोडू नका, असं आपण म्हणायचं नाही. आपण दोनच गोष्टी सांगायच्या. आपलं काय झालं ते, आणि सुटलाच तर त्यानं कुठे पाऊल टाकायचं नाही ते.

मग कॅरननं नकाशा काढला. मागच्या वेळी तुम्ही आखलेली लाल रेघ होती त्यावर, तिच्या आत त्यानं यायचं नाही. आपलं मेडनहेड सगळं, तिथून थेट रीडिंगच्या पलीकडपर्यंत. कॅरन म्हणाली, हेच ठेवायचं तर नुसतं हो म्हणा. फक्त एवढं मोठं कशाला, असं पॅनेल विचारेल.

मी हो म्हटलं नाही. तुम्हाला कळलंच असेल का ते. रुळांच्या पलीकडे, त्या रेघेच्या आतच, त्याच्या आईचं घर आहे. कॅरन त्याबद्दल बोलू शकत नाही, पण तिनं सांगायला कशाला हवं? ती बाई मला इतकी वर्षं दिसते, कधी जीपीच्या सर्जरीत, म्हणजे दवाखान्यात, कधी बाजारात. दिसली की तुम्ही माझा दंड धरून पलीकडच्या फुटपाथवर न्यायचात.

तुम्हाला एक सांगायचं राहिलं. हिवाळ्यात मी बसस्टॉपवर गेले तर ती तिथे बसलेली. नाकात ऑक्सिजनची नळी, बाजूला ती लहानशी टाकी चाकांवर. मला बघून तिनं बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. पाय दुखत होते, मी बसले. "कोल्ड, इजंट इट," ती म्हणाली. मी "येस" म्हटलं. बस येईपर्यंत तेवढंच. पण बसच्या पायरीवर चढताना ती दम खायला थांबली तेव्हा माझा हात आपोआप तिच्या पाठीकडे गेला. लावला नाही. नुसता धरून ठेवला, ती पडली तर म्हणून.

ती बाई कुठे जाणार आता त्याला भेटायला? त्यालाच यायला लागणार. आणि तुमच्या रेघेत तो येऊ शकत नाही.

मी कॅरनला म्हटलं, रुळांच्या पलीकडचं मोकळं सोडायचंय.

इरा एकदम उठली. "आजी, नो. सगळं रेड ठेव. माझा बाबा होता तो."

"तुझा बाबा, आणि माझा मुलगा," मी म्हटलं.

ती स्वयंपाकघरात गेली आणि धुतलेल्या बशा परत धुवायला लागली. कॅरन खिडकीबाहेर बघत बसली, शहाणी आहे. थोड्या वेळानं इरा हात पुसत दारात आली.

"तू त्याला माफ केलं?"

"नाही."

"मग का?"

"मला तो दिसायला नको. त्याच्या आईलाही दिसायला नको, असं मी कधी म्हटलं?"

कॅरननं कोरा नकाशा काढला. मी आपला रस्ता आखून घेतला, हाय स्ट्रीट, स्टेशन, गणपती बसतो तो हॉल, इराचं रीडिंगचं ऑफिस, आणि समीरला नि तुम्हाला पाण्यात सोडलं तो नदीचा काठ. रुळांच्या पलीकडे पेन नेलं नाही. इरानं मग माझ्या हातातून पेन घेतलं आणि आपल्या घराभोवतीची रेघ जाड केली, कागद फाटेल इतकी. मी करू दिली.

तुम्ही रागावलात ना? मला भीती वाटत नाही असं नाही हो. तो आईला बघायला आला आणि चुकून बाजारात माझ्यासमोर उभा राहिला तर माझं काय होईल, मला ठाऊक नाही. तो सुटेल की नाही हेही कुणाला ठाऊक नाही, ते तिघं ठरवतील. पण तुमच्या रेघेला हात लावायची वेळ माझ्यावर आली आणि मी लावला. तुम्ही समोर असतात तर मला जमलं नसतं. हे लिहिताना वाईट वाटतंय, पण खरं आहे.

समीरबद्दल तुम्ही लिहिलेलं मी जसंच्या तसं ठेवलंय. ते मी मराठीत वाचणार, कुणीतरी लगेच इंग्लिश करून सांगणार. कॅरन म्हणाली, सुरुवातीला मुलाचं पूर्ण नाव घ्या. मी तिथेच अडखळले. समीर, मग तुमचं नाव, मग आडनाव. लग्नातल्या उखाण्यानंतर मी तुमचं नाव तोंडानं घेतलेलं नाही. जीपीकडे, बँकेत, सगळीकडे "माय हजबंड" म्हणून भागवलं. इरा म्हणाली, "आजी, मी म्हणते तुझ्यासाठी." नको म्हटलं.

त्या दिवशी त्या तिघांसमोर मी ते घेईन, मोठ्यानं, न रडता. त्यांनी पुढे काही विचारलं नाही तरी चालेल. हे मी तुम्हाला कबूल करते.

कॅरन येत्या गुरुवारी परत येते म्हणालीय, स्क्रीनसमोर वाचायची सवय करून घ्यायला. इराही सुट्टी काढून येणार आहे.

तुमची,
सुशीला