एकच काम तीनदा

आई, तुझ्या ऑफिसातल्या त्या कॉम्प्युटरच्या मशीनला आज मी मनसोक्त शिव्या घातल्या. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण ते मेलं अजून चालूच आहे. माझ्या कंपनीचा अर्धा कारभार तसल्याच जुन्या प्रणालीवर चालतो, ती जाणणारे सगळे निवृत्त झाले आणि शिकायची पाळी आली माझ्यावर, ऐन पन्नाशीत. जमलं तर इथे गावी, कट्ट्याच्या घरी बसून नोकरी, नाही तर परत पुण्याच्या ऑफिसात. आणि बाबा? ते आता न्हाणीपर्यंतसुद्धा भिंत धरून जातात.

आज परीक्षा होती. काळा पडदा, हिरवी अक्षरं, माऊसला कुणी विचारत नाही, एक स्वल्पविराम चुकला की सगळं तोंडावर फेकतं. बरं, नीट लिहून काम पाठवलं तर हूं नाही की चूं नाही. गेलं नसेल म्हणून पुन्हा पाठवलं. मग तिसऱ्यांदा. फोनवरचे शिकवणारे साहेब वैतागले. पहिलं काम आत चालूच होतं, त्याने फाइल धरून ठेवली होती आणि मागची दोन तिच्यासाठी खोळंबली होती. म्हणाले, "मॅडम, काम रांगेत लावायचं आणि उठायचं!" हे तू नको होतं सांगायला? मला अजून दिसतं, मी लहान आहे, मुंबईला भर मे महिन्यात मशीनच्या त्या थंडगार खोलीत तू स्वेटर घालून बसलेली असतेस, लोक खिडकीतून काम देऊन जातात, छापलेले कागद संध्याकाळी नेतात. मी विचारते, आता ते काय करतंय? तू म्हणतेस, "करता आसा मां? मगे गप रव." झालं शिक्षण! घरी पातेल्यावरचं झाकण उचललं तरी हातावर चापट. "सारख्या उघडून बघलंस तर पेज शिजतली काय गो?"

शेवटी जास्तीची दोन कामं रद्द केली आणि चडफडत खळ्यात जाऊन वाळत घातलेल्या काजूच्या बिया परतत बसले. आत आले तर काम बिनचूक निघालेलं. साहेबांनी पास म्हणून सांगितलं.

बाबा पडवीतून कान देऊनच बसले होते.

"मगे? रवतंस मां आता हयच?"

"रवतंय."

इतके खूश झाले की स्वतः उठून चहा ठेवायला निघाले. मलाच धावावं लागलं.

हे लिहून झालं की फाडणार आहे, त्यांच्या हाती लागायला नको. पास व्हायला मला नकोच होतं, आई. नापास झाले असते तर त्यांना सोडून गेले असते, आणि सगळा दोष मशीनवर ढकलता आला असता.