मधल्या ठिपक्याची जोडी

४ डिसेंबर, गुरुवार
आजपासून रोज लिहिणार.
आईचा फोन. निकिताले पाहाले रविवारी, चौदाले, दारव्ह्याचे पाहुणे येऊन राह्यले. निकिता आमच्या पुसदच्या गल्लीतली. तिचं-माझं जवळजवळ ठरलेलंच हाय. फक्त मी विचारलं नाही. हे फोनवर बरोबर दिसत नाही. त्याच्या आधी पुसदले पोहोचून समोरासमोर बोलणार. फायनल.
पण मी मुकुटबनच्या जिनिंगमध्ये, काट्यावर गाड्या मोजतो. कापसाच्या सीझनले सुट्टी कोण देते? अकाउंटवाले सलील साहेब म्हणाले, अमर, गो च्या खेळात मला हरव, शनिवार-रविवार तुझा. हसून म्हणाले. पण म्हणाले.

६ डिसेंबर, शनिवार
गो सोपा हाय. प्लायच्या पाटावर आडव्या-उभ्या रेघा. रेघा कापतात तिथं सोंगटी ठेवाची. साहेबाचे काळे चिंचोके, माझ्या पांढऱ्या गुंड्या. एकदा ठेवली का हलवाची नाही. जास्त जागा घेरंल तो जिंकला.
हरलो. सर्दी होती.
पुन्हा हरलो. उजेड कमी.

८ डिसेंबर, सोमवार
आयडिया सापडली! साहेब ठेवतील त्याच्या बरोबर समोर मी ठेवाचं. विचार त्यायनं कराचा, फायदा दोघायले. पांढरा मागून खेळते म्हणून त्याले थोडी जागा वरून देतात. म्हणजे बरोबरी झाली तरी मी जिंकलो.
फुलचंद हमाल म्हणे, असं तं माकडबी जिंकीन बे. मी म्हटलं, म्हणूनच.

१० डिसेंबर, बुधवार
डावीकडचं उजवीकडं ठेवत गेलो, आरशासारखं. साहेब मधल्या रेघेवरच खेळत बसले. हरलो. साहेबायनंच सांगितलं, आरसा नको, पाट अर्धा फिरवला तर तुझी गुंडी माझ्या चिंचोक्याच्या जागी आली पाहिजे. मी उठून त्यायच्या बाजूनं पाह्यलं. खरंच! तोच पाट, काळ्याचं पांढरं. साहेब म्हणाले, जागेवर बस, बाहेर गाडी उभी आहे.
निकिताचा मेसेज, जेवला का? मी, जेवली का? ती, काय करतं? मी, तू काय करतं? छान चालू हाय.

१२ डिसेंबर, शुक्रवार
शनिवार आता काही मिळत नाही. रविवारी पहिल्या गाडीनं गेलो तरी पाहुण्याच्या आधी पोहोचतो.
निकितानं विचारलं, रविवारचं समजलं न तुले? मी विचारलं, तुले समजलं न? ती म्हणे, मी तुले विचारून राह्यली. मी म्हटलं, मीबी तुलेच.
फुलचंदनं फोन पाह्यला अन् कपाळावर हात मारला. म्हणे, अबे येड्या, ते वाट पाहून राह्यली, काहीतरी बोल ना! अनपढ माणसाले यातलं काय कळते. मी तरी सातवी पास हाओ.

१३ डिसेंबर, शनिवार
फायनल मॅच. साहेब या कोपऱ्यात, मी त्या कोपऱ्यात. मस्त जमून राह्यलं होतं. फुलचंद वरडला, साहेब, पोट्टा कॉपी मारून राह्यला! साहेब म्हणाले, मारू दे. अन् चिंचोका बरोबर मध्ये ठेवला.
मी समोरची जागा शोधली. मधल्या ठिपक्याच्या समोर मधलाच ठिपका. तिथं चिंचोका. गुंडी हातात घेऊन बसलो. साहेब म्हणाले, आता तुला वाटेल तिथं खेळ. मले काहीच वाटत नव्हतं.
हरलो. चूक पाटाची. रेघा विषम हायेत. सम असत्या तर मध्ये ठिपकाच नसता. नवा पाट आखून देणार.
साहेब म्हणाले, बरं, जा उद्या, मी पाहतो काट्याचं. मी नाही म्हटलं. हरून सुट्टी घेणं शोभत नाही.

१४ डिसेंबर, रविवार
काट्यावर. गाड्या खूप.
दुपारी निकिताचा मेसेज. पाहुण्यायले पसंत हाय. मी काय सांगू?
टाइप केलं, तू काय सांगतं? पुसलं. दोन गाड्या मोजल्या. तेच पाठवलं.
पाह्यलं तिनं.
संध्याकाळी आईचा फोन. जमलं म्हणे निकिताचं, पेढे वाटले. तुझ्या वाटचा ठेवला हाय.
मी म्हटलं, ठेव.