बरणीतलं पाणी

३ फेब्रुवारी

चि. थोरलीस बाबांचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचे पाय पुन्हा सुजलेत. बोट दाबलं की खड्डा पडतो, लवकर भरत नाही. चार पायऱ्यांत धाप लागते. डॉक्टरांनी तिच्या हृदयासाठी मीठ बंद सांगितलं, ते मी काटेकोर पाळतो. मिठाचा डबाच शेजारी देऊन टाकला. स्वयंपाक मी करतो, हसू नकोस. तू मागे पाठवलेल्या खारवलेल्या काकड्यांनी मात्र तारलं. आंबवलेली काकडी पोटाला चांगली, असं तूच लिहिलं होतंस. उकडलेल्या बटाट्यात बारीक चिरून घालतो. अळणी सूप तिच्या घशाखाली उतरेना, म्हणून त्यात काकड्यांच्या बरणीतलं पाणी पळीभर ओततो. मग वाटी चाटूनपुसून साफ! तरी सूज का? गोळी वाढवूनही उतरत नाही. जीव टांगणीला लागलाय गं.

लोभ आहेच, तो वाढव.
तुझे बाबा

७ फेब्रुवारी

ती. बाबांस शि. सा. न.

तुमचं पत्र आत्ताच वाचलं. आधी उठा, ते पाणी मोरीत ओता, मग पुढचं वाचा. बाबा, डब्यातलं मीठ गेलं आणि बरणीतलं आलं! काकडी पोटाला चांगली लिहिलं, ते आई धडधाकट होती तेव्हा. इथे रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात हृदयाच्या रुग्णाच्या ताटात आम्ही ती वाढत नाही. धुऊनसुद्धा देऊ नका, मीठ आतपर्यंत मुरलेलं असतं. ताजी काकडी द्या, वर लिंबू पिळा. डॉक्टरांना आजच सगळं सांगा. ओरडले तर ओरडू देत. धाप वाढली तर माझ्या पत्राची वाट न बघता तिला थेट दवाखान्यात न्या.

माया असू द्यावी.
तुमची थोरली

१६ फेब्रुवारी

चि. थोरलीस आशीर्वाद.

डॉक्टर ओरडले, पोटभर ओरडले. सूज उतरतेय, काल ती बऱ्याच दिवसांनी धाप न लागता आडवी होऊन झोपली. मी तिच्यापुढे कान धरले, तर म्हणाली, पहिल्याच घोटाला खारट लागलं होतं. मग बोलली का नाहीस, विचारलं. तर म्हणते, जन्मात पहिल्यांदा तुमच्या हातचं मिळत होतं, नाव कुठे ठेवू?

आज लिंबाचं सूप केलं. फार छान झालंय म्हणाली. लगेच वाटी तिच्या हातून घेऊन मी स्वतः चव घेतली.

तू ये. लोभ असू दे.
बाबा